गरोदरपणात धोक्याचे काम : कायदा काय देतो आणि ते कधी मागायचे



खैरलांजी आणि आसपासच्या गावांत बाईच्या हाताला काम नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. उन्हाळ्यात तेंदूपाने, पावसाळ्यात बांधीतली रोवणी, वर्षभर सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणे, कुठे राइस मिल, कुठे वीटभट्टी. आपल्या जिल्ह्यात भरवेली, उकवा, तिरोडी येथे मँगनीजच्या खाणी आहेत, मलाजखंडला तांब्याची आहे. शिकलेल्या मुली-सुना बालाघाट, गोंदिया, नागपूर, रायपूर येथे परिचारिका, एक्स-रे तंत्रज्ञ, प्रयोगशाळा सहायक म्हणून किंवा कारखान्यात काम करतात. यातली बरीच कामे गरोदर बाईसाठी आणि पोटातल्या बाळासाठी धोक्याची ठरू शकतात.

प्रसूतीच्या रजेबद्दल आपल्याकडे थोडीफार माहिती असते. रजेआधीच्या सात-आठ महिन्यांत काय करायचे, याबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. या लेखात आम्ही मुख्यतः त्या महिन्यांबद्दल लिहीत आहोत. हा लेख मुलींनी, सुनांनी वाचावाच, पण सासूबाईंनी आणि घरातल्या पुरुषांनीही वाचावा अशी आमची विनंती आहे.

आपल्या भागातला हा कायदा किती जुना

काही जणांना वाटते की बाळंतपणाची पगारी रजा ही अलीकडची, शहरातल्या नोकरदार बायकांची सोय आहे. इतिहास वेगळा आहे. ही मागणी गिरणी आणि खाणीत काम करणाऱ्या बायकांसाठी झाली. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात तसे विधेयक आणले होते, पण ते मंजूर झाले नाही. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये देशातला पहिला प्रसूतीलाभ कायदा झाला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि जिच्या श्रमाचा फायदा मालकाला होतो तिच्या या खर्चाचा काही भार मालकाने उचलावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये, मध्य प्रांताने आपला प्रसूतीलाभ कायदा केला. बालाघाट जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. म्हणजे मद्रास, संयुक्त प्रांत किंवा बंगाल यांच्या आधी आपल्या प्रांतात हा कायदा आला. तो कारखान्यांपुरता होता. खाणीतल्या बायकांसाठी १९४१ मध्ये वेगळा केंद्रीय कायदा झाला. मध्य प्रांताच्या मँगनीज खाणींवर दगड फोडणे, निवडणे, टोपलीने वाहणे या कामांत बायका मोठ्या संख्येने होत्या. पुढे महायुद्धाच्या काळात कोळशासाठी बायकांना पुन्हा जमिनीखाली उतरवले गेले. त्या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ मध्ये खाणीतल्या प्रसूतीलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन जमिनीखाली काम करणाऱ्या गरोदर बायकांसाठी खास तरतूद झाली आणि १९४६ मध्ये बायकांना जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी पुन्हा लागू झाली.

हे सांगण्याचे कारण एवढेच की हा हक्क मागताना आपल्या मुलींनी संकोच करू नये. त्या कुणाकडे मेहेरबानी मागत नाहीत. त्यांच्या पणज्या ज्या खाणीत आणि कारखान्यांत राबल्या, तिथूनच हा हक्क आला आहे.

आज कायद्यात काय आहे

संपूर्ण देशासाठी १९६१ मध्ये प्रसूतीलाभ कायदा झाला आणि २०१७ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या असून प्रसूतीलाभाचा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. नाव बदलले, तरी मुख्य तरतुदी त्याच आहेत. त्या अशा :

• कारखाना, खाण, मळा, तसेच दहा किंवा अधिक माणसे असलेले दुकान वा आस्थापना यांना त्या लागू आहेत.

• प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे. पगारी सुट्ट्या या ८० दिवसांत मोजल्या जातात.

• पगारी रजा २६ आठवड्यांची. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. दोन किंवा अधिक हयात मुले असतील तर रजा १२ आठवड्यांची आणि त्यातली प्रसूतीआधी ६ आठवड्यांपर्यंत.

• रजेच्या आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजाने पैसे मिळतात. प्रसूतीआधीच्या रजेचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले प्रसूतीचा दाखला दिल्यावर ४८ तासांच्या आत द्यायचे असतात. रोजंदारीवरच्या बाईच्या हिशेबात रविवारही धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच सांगितले आहे.

• गर्भपात झाला तर त्यानंतर ६ आठवडे पगारी रजा. गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा गर्भपात यामुळे आजारपण आले तर दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा.

• प्रसूती किंवा गर्भपातानंतरचे ६ आठवडे मालकाने तिला कामावर ठेवायचेच नाही. ती स्वतः तयार असली तरी नाही.

• बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या. ५० किंवा अधिक माणसे असतील तिथे पाळणाघर, आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा.

• या रजेमुळे गैरहजर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. गरोदर आहे म्हणून काढले तरी तिचा प्रसूतीलाभ बुडत नाही. अशा आदेशाविरुद्ध ६० दिवसांच्या आत दाद मागता येते.

जिथे पगारातून ईएसआयची कपात होते, तिथे ही रक्कम मालकाऐवजी ईएसआय महामंडळ देते. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आपल्या मुलीच्या पगारपत्रकावर ही कपात दिसते का, हे आजच पाहून ठेवा.

आणखी एक. नोकरीवर घेतानाच प्रत्येक बाईला हे लाभ लेखी कळवणे मालकाचे कर्तव्य आहे. नेमणूकपत्रासोबत असे पत्र मिळाले नसेल तर ते मागून घ्यावे.

डोहाळजेवणाआधीचे महिने

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. वरच्या यादीत जड कामाबद्दलचे कलम आम्ही मुद्दाम मागे ठेवले. कायदा म्हणतो की गरोदर बाईने विनंती केल्यास तिला कष्टाचे काम, खूप वेळ उभे राहण्याचे काम, किंवा गर्भाला आणि तिच्या प्रकृतीला बाधक ठरेल असे काम देऊ नये. यात दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली, हे संरक्षण आपोआप मिळत नाही. 'विनंती केल्यास' हे शब्द कायद्यातच आहेत. बाई बोलली नाही तर मुकादमाने तिला पोते उचलायला सांगितले म्हणून हे कलम मोडत नाही.

दुसरी, त्याचा काळ. प्रसूतीच्या सहा आठवडे आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांत ती रजेवर गेली नसेल तर ते दिवस. चाळीस आठवड्यांचे गरोदरपण धरले तर हे कलम साधारण तिसाव्या आठवड्याला सुरू होते. म्हणजे आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, त्याच सुमारास. त्याआधीचे सात महिने या कलमात येतच नाहीत.

बाळाच्या दृष्टीने मात्र नाजूक काळ आधीच येऊन गेलेला असतो. हृदय, मेंदू, मणका, हातपाय यांची घडण पहिल्या तीन महिन्यांत होते. विषारी पदार्थ, किरणोत्सर्ग किंवा काही संसर्ग यांचा धोका त्या काळात विशेष असतो. आणि नेमक्या याच तीन महिन्यांत आपल्या घरांत सांगतात : तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला कळू देऊ नको, दृष्ट लागते.

या रीतीमागची काळजी आम्हाला समजते. पहिल्या महिन्यांत गर्भ टिकेल की नाही याची खात्री नसते, आणि पुन्हा चार लोकांना वाईट बातमी सांगायची वेळ येऊ नये असे आईला, सासूला वाटते. पण ज्या बाईचे काम धोक्याचे आहे तिच्यासाठी हे मौन महागात पडू शकते. गावाला सांगायची गरज नाही. तिघांना मात्र सांगावे : आशाताई किंवा डॉक्टर, घरातले एक जाणते माणूस, आणि कामावरचा जबाबदार अधिकारी. ही बातमी स्वतःपुरती ठेवा, असे त्या अधिकाऱ्याला अर्जातच लिहिता येते.

कोणत्या कामात कसला धोका

विडी वळताना तंबाखूची धूळ श्वासातून जाते आणि निकोटिन त्वचेतूनही अंगात शोषले जाते. तासन्‌तास वाकून बसल्याने कंबर आणि पाय यांना त्रास होतो तो वेगळाच. तंबाखूचे सूप झोपण्याच्या आणि स्वयंपाकाच्या जागेपासून दूर ठेवावे, दार-खिडकी उघडी ठेवून वळावे, जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, दर तासाला उठून चार पावले चालावे.

खाणीत आणि क्रशरवर धूळ आणि ओझे हे मुख्य धोके. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मज्जासंस्थेला इजा होते, आणि मँगनीज वारेतून बाळापर्यंत पोहोचते. २०१९ पासून बायकांना खाणीत जमिनीखाली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर, तसेच वर रात्रपाळीला, लेखी संमतीने नेमता येते. संधी म्हणून ही चांगली गोष्ट आहे. पण संमती लेखी घ्यायची असते, याचा अर्थ ती नाकारताही येते, हे गरोदर बाईने लक्षात ठेवावे.

वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहणे, उष्णता आणि धूर हे तिन्ही एकत्र येतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातून बाळाकडे जातो आणि बाळाला मिळणारा प्राणवायू कमी करतो. राइस मिलमध्ये कोंड्याची धूळ आणि पोती असतात. रोवणीत दिवसभर चिखलात वाकून उभे राहावे लागते. शेतात कीटकनाशक फवारणे, ते कालवणे, फवारणाऱ्याचे कपडे धुणे ही तिन्ही कामे गरोदर बाईने करू नयेत. तेंदूपानांच्या दिवसांत ऊन टाळण्यासाठी पहाटे निघून सकाळीच परतावे आणि पाणी सोबत ठेवावे. आपल्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आढळतो. ज्या बाईला तो आहे तिला उन्हात पाणी कमी पडले किंवा अतिश्रम झाले तर जीवघेणा त्रास होऊ शकतो. म्हणून सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर ती लगेच करून घ्यावी.

रुग्णालयातले काम बाहेरून स्वच्छ दिसते, पण तिथेही एक्स-रे, कॅन्सरची औषधे तयार करणे, भूल देण्याचे वायू, रुग्ण उचलणे आणि संसर्ग हे धोके आहेत. बॅटरी आणि शिशाच्या कामात शिसे वारेतून बाळाकडे जाते. पेट्रोल पंपावर बेंझीनची वाफ असते.

लवकर सांगितल्याने काय होते

किरणोत्सर्गाचे क्षेत्र याचे चांगले उदाहरण आहे. आपल्या देशातल्या २००४ च्या नियमांप्रमाणे अशा ठिकाणी काम करणाऱ्या बाईने गरोदर असल्याचे कळताच मालकाला आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचे असते, म्हणजे तिच्या कामाची व्यवस्था बदलता येते. गरोदरपण कळवल्यानंतर बाळासाठी उरलेल्या काळाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट असावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. इतर कर्मचाऱ्यांच्या वर्षाच्या मर्यादेपेक्षा ती कितीतरी कमी आहे. पण हे सगळे कळवल्याच्या दिवसापासून सुरू होते. न कळवलेल्या दिवसांचे संरक्षण कुणालाच करता येत नाही.

युरोपीय संघाने १९९२ मध्ये सर्वच धोक्याच्या कामांसाठी असा क्रम ठरवून दिला. आधी मालकाने धोका तपासायचा, मग काम किंवा वेळ बदलायची, ते शक्य नसेल तर दुसऱ्या कामावर पाठवायचे, आणि तेही शक्य नसेल तर रजा द्यायची. आपल्याकडे सर्व कामांसाठी असा पायऱ्यांचा नियम कायद्यात लिहिलेला नाही. पण कामाची जागा इजा किंवा आजार होणार नाही अशी ठेवणे हे नव्या सुरक्षा संहितेत मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य आहे, आणि कामाच्या जागेच्या सुरक्षिततेबद्दल माहिती मागण्याचा हक्क कामगाराला आहे. तिसाव्या आठवड्याआधी हलके काम मागायचे तर याच दोन गोष्टींचा आधार घ्यावा, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. चिठ्ठीत 'विश्रांती घ्यावी' एवढेच मोघम नको. 'वजन उचलू नये', 'धुळीत काम करू नये', 'सलग उभे राहू नये' असे स्पष्ट लिहून मागावे.

अर्ज साधा असावा. मध्य प्रदेशातल्या कार्यालयांत तो हिंदीत दिलेला बरा, पण आशय असा :

'मी आपल्याकडे अमुक विभागात अमुक तारखेपासून काम करते. मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे. माझ्या सध्याच्या कामात धूळ / ओझे / रसायन / उष्णता यांचा संबंध येतो. सोबतच्या वैद्यकीय चिठ्ठीप्रमाणे मला प्रसूतीपर्यंत यापासून दूर असलेले काम द्यावे. माझा रोज आणि माझी नोकरी यांत फरक पडू नये. ही माहिती कृपया गोपनीय ठेवावी.'

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एकीवर पोच, तारीख आणि सही घ्यावी. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पावती जपावी. मोबाइलवरून अर्जाचा फोटो पाठवला तर तोही पुरावा ठरतो. प्रसूतीच्या रजेची कायदेशीर नोटीस पुढे वेगळी द्यायची असते. ती द्यायची राहून गेली तरी हक्क बुडत नाही, पण हा पहिला अर्ज राहू देऊ नये.

ठेकेदार म्हणतो, 'तू आमची कामगार नाहीस'

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारणा याचीच होते. बाई रोजंदारीवर आहे, ठेक्यावर आहे, किंवा घरी बसून विड्या वळते. मग तिला हक्क कुठला?

रोजंदारीबद्दल उत्तर स्पष्ट आहे. दिल्ली महानगरपालिकेत रस्त्याच्या कामावर हजेरीपटावर राबणाऱ्या बायकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी निकाल दिला की रोजंदारीवरच्या बाईलाही प्रसूतीलाभ मिळालाच पाहिजे. मुदतीच्या कराराबद्दल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की एकदा हक्क लागू झाला की मधेच करार संपला तरी उरलेल्या काळाचा लाभ द्यावा लागतो.

विडीबद्दल आपल्या भागाने विशेष लक्ष द्यावे. भंडारा, गोंदिया, बालाघाट हा जुना विडीपट्टा आहे आणि बहुतेक बायका सट्टेदाराकडून पाने-तंबाखू आणून घरीच वळतात. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही प्रसूतीलाभाच्या कक्षेत आणले होते. फक्त वैद्यकीय बोनस आणि आजारपणाचा जादा महिना या दोन गोष्टी तिला नव्हत्या. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरी विडी वळणारी बाई भविष्य निर्वाह निधीसाठी विडी कारखानदाराची कामगारच आहे, असा निकाल दिला. म्हणून 'घरी वळतेस, मग तू कामगार कशी' हे ऐकून गप्प बसू नये. आता जुन्या कायद्यांची जागा संहितांनी घेतली असताना विडी कामगाराचे ओळखपत्र, पीएफचा क्रमांक आणि रोजच्या नोंदीची वही अधिकच जपावी. सट्टेदाराच्या वहीत बऱ्याचदा सासूच्या किंवा नवऱ्याच्या नावावर सुनेने वळलेल्या विड्या चढतात. हजारीचे पैसे घरातच येतात म्हणून कुणी हरकत घेत नाही. पण प्रसूतीच्या वेळी ८० दिवस दाखवायचे तर नाव तिचेच लागते. जी वळते तिच्याच नावावर नोंद करून घ्या.

ठेकेदाराकडे काम असेल तर अर्जात मुख्य मालकाचे, म्हणजे ज्याच्या आवारात काम चालते त्याचेही नाव लिहावे आणि एक प्रत त्याला द्यावी. हजेरीचा रोजचा आकडा स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा.

जिथे मालकच नाही

आपल्या शेतावर किंवा जंगलात राबणाऱ्या बाईला रजा कोण देणार? तिथे सरकारी मदतीचा आधार घ्यावा लागतो. मध्य प्रदेशात संबल योजनेत नाव असलेल्या असंघटित श्रमिक बाईसाठी मुख्यमंत्री श्रमिक सेवा प्रसूती सहायता योजना आहे. तिच्यात दोन टप्प्यांत मिळून १६,००० रुपयांची तरतूद आहे, पहिला टप्पा ४,००० आणि दुसरा १२,०००. पहिला टप्पा वेळेवर केलेल्या तपासण्यांशी आणि दुसरा सरकारी रुग्णालयातल्या प्रसूतीशी जोडलेला आहे. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे बाळ मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. यासाठी संबल कार्ड, समग्र आयडी, आधारला जोडलेले खाते आणि माता-बाल कार्ड लागते. गरोदरपणाची नोंद पहिल्या तीन महिन्यांतच अंगणवाडीत किंवा आशाताईकडे करावी. इथेही लवकर सांगणाऱ्या बाईचाच फायदा होतो.

हा पैसा कशासाठी आहे हे घरातल्यांनी समजून घ्यावे. तो रोजगार बुडाल्याची भरपाई आहे. त्या पैशातून बी-बियाणे घेतले आणि सून आठव्या महिन्यात पुन्हा बांधीत उतरली, तर योजनेचा हेतू संपला.

विश्रांतीच न मिळणारे काम बाईच्या शरीराचे काय करते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणात होत असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पाहणीत अशा शस्त्रक्रिया झालेल्या बायकांचा आकडा तेरा हजारांहून अधिक निघाला. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि एका दिवसाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. पाळी, गरोदरपण, आजारपण यांना त्या हिशेबात जागाच नाही. आपल्याकडून जोडप्याने वीटभट्टीवर किंवा दूरच्या कामावर जाणाऱ्यांचा हिशेबही पुष्कळदा असाच असतो. उचल घेण्याआधी बायको गरोदर आहे का, आणि असेल तर तिच्या वाट्याचे काम कोण करणार, हे मुकादमाशी आधीच ठरवावे.

घरातल्यांनी काय करावे

कामावर हलके काम मिळाले आणि घरी आल्यावर दोन हंडे पाणी, सरपण, चुलीचा धूर हे सगळे तसेच राहिले, तर उपयोग काय? पाणी आणि सरपण हे नऊ महिने घरातल्या पुरुषांनी आणावे. कामावरची धूळ किंवा फवारणीचे औषध लागलेले कपडे पुरुषांनी स्वतः धुवावेत. तपासणीला जाताना नवऱ्याने सोबत जावे, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन साहेबाकडे जायला तिला एकटे वाटत नाही. सासूबाईंना आमची विशेष विनंती आहे. 'आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत रोवणी केली' हे खरेच आहे, आणि त्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्या काळात किती बाळे गेली, किती बायका गेल्या, हेही त्यांनाच आठवते. तेही सुनेला सांगावे.

तक्रार कुठे करायची

राइस मिल, वीटभट्टी, विडी, दुकान, खासगी रुग्णालय असेल तर राज्याच्या कामगार खात्याच्या बालाघाट येथील कार्यालयात. काम गोंदिया किंवा नागपूरला असेल तर तक्रार महाराष्ट्राच्या कामगार खात्याकडे करायची, घर मध्य प्रदेशात असले तरी. खाणीसाठी केंद्र सरकारचे कामगार खाते, आणि सुरक्षेबद्दल खाण सुरक्षा महासंचालनालय. पैसे न मिळणे किंवा कामावरून काढणे याबद्दल कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे अर्ज करता येतो. त्याला चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश काढता येतो. वकिलाची गरज वाटली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते.

आपल्या मंडळात हिंदीत अर्ज लिहून देऊ शकणारे शिक्षक आणि निवृत्त कर्मचारी आहेत. ज्यांना अर्ज लिहायचा असेल त्यांनी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना भेटावे. नाव बाहेर जाणार नाही. शेवटी एवढेच सांगतो : घरात गोड बातमी आली की पेढे सातव्या महिन्यात वाटा, पण कामावरचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.